महागाईचा अंदाज यंत्राला शिकवण्याआधी : रिझर्व्ह बँकेला मराठवाड्यातून खुले पत्र

प्रति,
पतधोरण समितीचे सदस्य, तसेच
पतधोरण विभाग, आर्थिक व धोरण संशोधन विभाग आणि सांख्यिकी व माहिती व्यवस्थापन विभाग यांतील अधिकारी,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

स.न.वि.वि.

फेब्रुवारी २०२५ च्या पतधोरणात २०२५-२६ या वर्षासाठी किरकोळ महागाईचा अंदाज ४.२ टक्के होता. एप्रिलमध्ये तो ४.० झाला, जूनमध्ये ३.७, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६ आणि डिसेंबरमध्ये २.०. पाच दुरुस्त्या आणि पाचही खाली. अंदाज चुकला म्हणून कुणी डोक्यात राख घालून घ्यावी असे त्यात काही नाही. पण दुरुस्त्या ओळीने एकाच बाजूला जाऊ लागल्या की संख्याशास्त्राच्या माणसाचे कान टवकारतात. चांगल्या अंदाजाची पुढची दुरुस्ती वर जाणार की खाली, हे आधी ओळखता येऊ नये. ओळखता येत असेल तर हाती आलेली माहिती पुरती वापरली गेली नाही, थोडी आज आणि थोडी पुढच्या बैठकीला अशी वाटून घेतली गेली.

तरीही या पाच आकड्यांवरून निकाल देता येत नाही. नाणे पाच वेळा उडवले तर पाचही वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता सोळात एक असते. उलट उदाहरणही आहे. जून २०२३ मध्ये जुलै-सप्टेंबर तिमाहीसाठी ५.२ टक्के धरले होते, टोमॅटो भडकला आणि ऑगस्टमध्ये ते एकदम ६.२ करावे लागले. चूक सवयीची आहे की योगायोगाची हे ठरवायला २०१६ पासूनच्या प्रत्येक बैठकीचे, प्रत्येक तिमाहीचे, घटकवार अंदाज एका तक्त्यात लागतात. एकूण महागाईचे आकडे ठरावांतून आणि सहामाही अहवालांतून वेचता येतात. पण त्या ४.२ मध्ये डाळी किती धरल्या होत्या, भाजीपाला किती, इंधन किती, हे ठरावात दिसत नाही.

हे पत्र त्या तक्त्यासाठी आहे. निमित्त मशीन लर्निंगचे, म्हणजे जुन्या आकड्यांवरून संगणकाने स्वतःच नियम शोधण्याच्या पद्धतींचे. त्यालाच इथे यंत्र म्हटले आहे. आम्ही मराठवाड्यात संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवणारे, बाजार समित्यांच्या आकड्यांत रोज हात घालणारे लोक आहोत. यंत्राला आमचा विरोध नाही. २०१९ सालीच बँकेच्या एका कार्यपत्रिकेत भारतातल्या महागाईच्या अंदाजासाठी या पद्धती तपासल्या गेल्या आणि बऱ्याच ठिकाणी त्या जुन्या पद्धतींना सरस ठरल्या. आर्थिक घडामोडींचा मागोवा घ्यायला २७ मासिक निर्देशकांचा एकत्रित निर्देशांकही बँकेकडे आहे. आमचे म्हणणे एवढेच की चालू महिना आणि पुढचे दोन-तीन महिने, त्यातही खाद्यपदार्थ, इथे यंत्र उपयोगी पडेल. दोन वर्षांपुढचे ते सांगू शकणार नाही. आणि दोन्ही ठिकाणी चुकांची वही, म्हणजे केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष आलेला आकडा यांची नोंद, उघडी नसेल तर ते शिकले की नुसते पाठ करून आले, हे बाहेरच्या कुणालाच कळणार नाही, बहुधा आतल्यांनाही नाही.

जवळच्या पल्ल्यावर यंत्र का चालते ते सोपे आहे. महिन्याचा महागाईचा आकडा पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला येतो. तोवर ग्राहक व्यवहार विभागाचे ३८ वस्तूंचे रोजचे किरकोळ भाव देशातल्या सुमारे ५५० केंद्रांवरून आलेले असतात आणि बाजार समित्यांची आवक व भाव केंद्राच्या अॅगमार्कनेट या संकेतस्थळावर पडलेले असतात. पेपर अर्धा सोडवून झालेला असतो, फक्त बेरीज राहिलेली असते. ही बेरीज करायला यंत्र चांगले आहे. अट एकच : आत जाणारा आकडा काय आहे हे माहीत हवे.

तो कसा असतो हे लातूरच्या आडत बाजारातल्या तुरीवर पाहू. सकाळी पोटलीतल्या नमुन्यावर भाव निघतो, मग प्रत्यक्ष सौदा होतो, आणि दोन्ही एकच असतील असे नाही. संध्याकाळी नोंद होते ती किमान, कमाल आणि सर्वसाधारण अशा तीन दरांची. हा ‘सर्वसाधारण’ दर म्हणजे सरासरी नव्हे. ज्या दराला जास्त माल गेला असे नोंदणाऱ्याला वाटते तो दर. दहा पोती साडेसात हजाराने आणि हजार पोती सात हजाराने गेली तरी कमाल रकान्यात साडेसात हजारच बसतात. किमान आणि कमाल यांची सरासरी काढून मॉडेलला देणारे लोक आहेत. त्यांनी निदान एकदा तरी लिलावाच्या वेळी आडतीवर उभे राहावे.

शिवाय तूर एक नाही. राज्याच्या नोंदीत लाल, पांढरी, गज्जर अशा वेगळ्या ओळी असतात. जालना, बदनापूर पट्ट्यात पांढरी, लातूरकडे लाल, हिंगोलीकडे गज्जर. समजा लाल ७,००० आणि पांढरी ७,४०० रुपये क्विंटल आहे. या आठवड्यात आवकेत लाल ७० टक्के, पांढरी ३० टक्के. पुढच्या आठवड्यात उलटे झाले. एकही भाव हललेला नाही, पण एकत्रित सरासरी ७,१२० वरून ७,२८० झाली, म्हणजे सव्वादोन टक्के ‘महागाई’ निव्वळ मालाच्या मिश्रणाने तयार झाली. यावर उपाय साधा आहे. वाणवार मालिका वेगळ्या ठेवायच्या, प्रत्येकीतला आठवड्याचा बदल काढायचा आणि मग गेल्या तीन वर्षांच्या सरासरी आवकेचे स्थिर वजन देऊन ते बदल जोडायचे. आधी भाव मिसळून मग बदल काढायचा नाही. क्रम चुकला की सगळे चुकले.

सोयाबीनमध्ये ओलावा मधे येतो. हमीभावाची खरेदी १२ टक्के ओलाव्याच्या मालाची असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, ती उगाच नव्हे. ऑक्टोबरात शेतातून थेट आलेल्या मालात १८ टक्केही ओल असते. अशा शंभर किलोत कोरडे दाणे ८२ किलो. १२ टक्क्यांच्या हिशेबाने तो माल ९३ किलोच भरतो. म्हणजे ४,१०० रुपयांना गेलेला ओला क्विंटल हा खरे तर ४,४०० चा भाव आहे. मॉडेलला मात्र दिसते की दर ऑक्टोबरात सोयाबीन पडते आणि डिसेंबरात सावरते, आणि ते याला हंगामी चक्र म्हणून शिकते. काही भाग चक्राचा असतो, काही निव्वळ पाण्याचा. नोंदीत ओलाव्याचा रकाना नाही, तोवर काढणीच्या आधीच्या दहा दिवसांचा तालुकावार पाऊस त्याच्या जागी वापरता येतो. पुरता नाही, पण काम भागते.

बंद बाजार हा तिसरा घोळ. अमावस्या, दिवाळी, मार्चअखेरचे हिशेब, हमालांचा संप, या दिवशी भाव नसतो. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढतो, कारण तशी एक ओळीची सोय हाताशी असते. मग दिवाळीचे आठ दिवस भाव स्थिर दिसतो आणि मुहूर्ताच्या सौद्याला उडी दिसते. यंत्र शिकते की दिवाळीत बाजार शांत असतो. रिकामे ते रिकामेच ठेवावे, ‘आवक शून्य’ हा वेगळा रकाना द्यावा, आणि आठवड्यात तीनपेक्षा कमी दिवस लिलाव झाले असतील तर तो बाजार त्या आठवड्यापुरता सोडून द्यावा.

आणि जास्तीचे शून्य. ७,२०० चे ७२,००० होतात, किंवा क्विंटलच्या रकान्यात किलोचा ७२ येऊन बसतो. शेजारच्या पाच बाजारांच्या मध्यकापासून फार लांब गेलेला आकडा वेगळा काढायचा हे सगळे जण करतात. चूक पुढे होते : तो आपोआप पुसून टाकतात. जुलै २०२३ मध्ये देशाची महागाई पाच टक्क्यांच्या आतून एका महिन्यात ७.४४ वर गेली ती मुख्यतः भाज्यांमुळे, त्यातही टोमॅटोमुळे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत टोमॅटोचे वजन एक टक्काही नव्हते, ०.५७ होते. चुकीचा आकडा समजून साफ करणारा आंधळा नियम त्या महिन्यात टोमॅटोच साफ करून टाकेल. म्हणून असा आकडा माणसाकडे जावा, त्याने त्याच संध्याकाळी बाजार समितीला फोन करावा, आणि दुरुस्ती कुणी कधी केली त्याची नोंद राहावी.

एवढे झाल्यावरही ताटातल्या वरणाचा भाव तुरीच्या भावामागे लगेच धावत नाही. क्विंटलभर तुरीतून मिलमध्ये साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते, बाकी चुनी आणि भुसा. मिलवाल्याकडे जुना साठा असतो, किराणा दुकानदाराकडेही असतो. टोमॅटोचा घाऊक भाव काही दिवसांत किरकोळीत उतरतो, डाळीला कित्येक आठवडे लागतात. सगळ्या वस्तूंना एकच चार आठवड्यांचा विलंब धरणारे मॉडेल टोमॅटोला उशिरा पकडते आणि डाळीला घाईने. वस्तूगणिक विलंब वेगळा ठेवावा. चढताना आणि उतरताना तर त्याच वस्तूचाही वेगळा ठेवावा, कारण किराणा दुकानात भाव चढतो जिन्याने आणि उतरतो घसरगुंडीने असे कधी पाहिले आहे का? उलटेच असते.

पावसाबद्दल थोडक्यात. हवामान खात्याच्या ३६ उपविभागांत मराठवाडा स्वतंत्र आहे, हे आमचे भाग्य. पण जून ते सप्टेंबरची बेरीज मॉडेलला दिली तर आमच्याकडचे काहीच कळत नाही. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट होता. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडे उभ्या पिकात पाणी शिरले. पहिल्यात खंड मारतो, दुसऱ्यात काढणीच्या तोंडावरची अतिवृष्टी, आणि बेरीज दोन्ही वेळा गप्प राहते. सलग कोरड्या दिवसांची सर्वात मोठी संख्या आणि पक्व पिकावर पडलेले मिलिमीटर हे दोन रकाने एकूण पावसापेक्षा जास्त सांगतात.

आता यंत्राकडे येऊ. अमेरिकेच्या महागाईवर रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी काढणारी पद्धत, चांगले चालते असे मेदेइरोस या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवले. युरोपीय केंद्रीय बँकेच्या संशोधकांनी त्याच कुळातले क्वांटाइल फॉरेस्ट महागाई कोणत्या पट्ट्यात राहील हे सांगण्यासाठी वापरले. पण अमेरिकेच्या मासिक मालिका १९६० पर्यंत मागे जातात. आपली २०१२ पायाची किरकोळ किमतींची मालिका जानेवारी २०११ पासून धरली तरी २०२५ अखेर १८० महिने भरतात. जीडीपीच्या तिमाह्या तर साठही नाहीत. यावर १० निर्देशक आणि ५० पेशींचा एक छोटा एलएसटीएम (मागचा क्रम लक्षात ठेवणारे न्यूरल नेटवर्क) थर लावला तर त्याला १२,२०० गुणक शिकायचे असतात. १८० ओळींवर १२,२०० गुणक. तो शिकत नाही, घोकतो. अंदाजपद्धतींच्या २०१८ च्या एम-४ स्पर्धेत १ लाख मालिका होत्या, तिथेही निव्वळ मशीन लर्निंगच्या पद्धती साध्या पद्धतींच्या मिश्रणापुढे टिकल्या नाहीत. जिंकली ती ताज्या आकड्यांना जास्त वजन देणारी जुनी घातांकी पद्धत आणि न्यूरल नेटवर्क यांची सांगड.

फॉरेस्टची अडचण वेगळी आणि जास्त फसवी आहे. झाडाच्या प्रत्येक पानावर जुन्या महिन्यांची सरासरी बसलेली असते, म्हणून त्याचे उत्तर आधी पाहिलेल्या सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या आकड्याच्या बाहेर कधीच जात नाही. २०१२ च्या मालिकेत महागाईचा तळ बराच काळ जून २०१७ चा होता, सुमारे दीड टक्का. ऑक्टोबर २०२५ मध्ये आकडा आला ०.२५. वार्षिक दरावर थेट शिकवलेले कोणतेही फॉरेस्ट, कितीही झाडांचे, ते ०.२५ छापूच शकले नसते. साऱ्या देशाला मंडीतले भाव उतरताना दिसत असते, तरी ते दीडवर थांबले असते.

म्हणून यंत्राने सांगायचा आकडा वार्षिक दर हा ठेवूच नये. प्रत्येक घटकाचा महिन्यावरचा बदल शिकवावा, हंगामी भाग काढून. गेल्या वर्षी त्याच महिन्यात भाव उंच होते की खाली, त्या पायाचा परिणाम मग साध्या अंकगणिताने जोडावा, कारण तो आधीच माहीत असतो आणि त्यात शिकण्यासारखे काही नसते. किंवा आधी सरळ रेषेचे मॉडेल लावून उरलेल्या चुकीवर झाडे लावावीत. जून २०२४ मध्ये डाळी वर्षभरात सुमारे १६ टक्के महागल्या होत्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे १६ टक्के स्वस्त झाल्या. या दोन टोकांमधला मोठा भाग पायाच्या अंकगणिताचा आहे. शेतकऱ्याच्या बाजूने तो वेगळा दिसतो, पण ते दुसऱ्या पत्राचे काम.

चाचणीत जे होते त्याला आम्ही वर्गात पेपरफुटी म्हणतो. ती तीन वाटांनी होते. १८० महिने पत्त्यांसारखे पिसून पाच गठ्ठे केले आणि चारांवर शिकवून पाचव्यावर तपासले, ही पहिली. वार्षिक दराच्या लगतच्या दोन महिन्यांत बारांपैकी अकरा महिन्यांचे बदल सामाईक असतात. मार्च आणि मे शिकलेल्या यंत्राने एप्रिल बरोबर सांगितला तर त्यात कौतुक कसले? काळाच्या क्रमानेच पुढे सरकत शिकवावे आणि शिकवणी व चाचणी यांच्यात बारा महिन्यांची फट ठेवावी. दुसरी वाट सुधारित आकड्यांची. औद्योगिक उत्पादन आणि जीडीपी पुन्हा पुन्हा सुधारले जातात. २०२० च्या एप्रिल-जून तिमाहीची घट पहिल्यांदा २३.९ टक्के सांगितली गेली आणि नंतर बदलली. आजचा सुधारलेला आकडा घेऊन २०२० चा अंदाज ‘तपासला’ तर त्या दिवशी कुणाकडेच नसलेले ज्ञान यंत्राला दिलेले असते. त्या त्या तारखेला जशी होती तशी डेटाची प्रत जपून ठेवावी लागते, आणि हंगामी घटकही तेवढ्याच प्रतीवरून काढावे लागतात.

तिसरी वाट नवी आहे. मोठ्या भाषा-मॉडेलला २०२३ च्या बातम्या वाचायला देऊन जुलै २०२३ ची महागाई विचारायची. ते मॉडेल २०२४ पर्यंतचे इंटरनेट वाचून आलेले असेल तर टोमॅटोची गोष्ट त्याला आधीच ठाऊक असते. अशा मागच्या काळावरच्या चाचणीला शून्य गुण. चाचणी फक्त मॉडेल तयार झाल्यानंतरच्या महिन्यांवर.

बातम्यांचा विषय निघालाच आहे तर भाषेचेही बघा. ‘कांद्याने रडवले’ हा मथळा शहराच्या पानावर आला तर भाव चढले, आणि ग्रामीण पानावर आला तर भाव पडले. ‘मंदी’ म्हणजे बाजार समितीत भाव उतरणे, अर्थव्यवस्थेची मंदी नव्हे. ‘सोयाबीन वधारले’ ही आमच्याकडे आनंदाची बातमी. इंग्रजी बातम्यांवर घडवलेला भावनिर्देशांक मराठीवर लावला की अर्धी चिन्हे उलटी पडतात. मथळ्याबरोबर आवृत्ती आणि पान नोंदवले, आणि आनंद-दुःख न मोजता फक्त ‘भाव वर की खाली’ एवढेच मोजले, तर ही गडबड बरीच आटोक्यात येते.

धोरणाचे परिणाम यंत्राला विचारू नयेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर ४ वरून ६.५० टक्के झाला, कारण महागाई जास्त होती. आकड्यांत दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात आणि यंत्र निष्कर्ष काढते की दर वाढवला की महागाई असते. ताप आणि डॉक्टर एकाच घरात दिसले म्हणून डॉक्टरने ताप आणला म्हणण्यासारखे ते आहे. जून २०२३ मध्ये तुरीवर साठा मर्यादा लागली, त्यानंतरही तूरडाळ कितीतरी महिने महागच राहिली. त्या रकान्याचा गुणक उलटाच निघणार. अर्थतज्ज्ञ ल्यूकस यांनी १९७६ मध्ये मांडलेला आक्षेप याच्याही पुढचा : धोरण बदलले की लोकांचे वागणे बदलते आणि जुने गुणक लागू राहत नाहीत. झाडे वाढवून तो जात नाही. ‘रेपो पाव टक्का कमी केला तर’ या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या तिमाही प्रक्षेपण मॉडेलनेच, म्हणजे कार्यकारणाची समीकरणे मांडणाऱ्या मॉडेलनेच, द्यावे. यंत्राने त्याला फक्त आजचा आरंभबिंदू नीट द्यावा. वायदेबाजारातून पुढच्या भावाचा सुगावा लागला असता, पण तुरीचा वायदा २००७ पासून बंद आहे आणि डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी यांचेही वायदे थांबवले गेले. ज्या रकान्यावर मॉडेल उभे केले तो एका परिपत्रकाने रिकामा होऊ शकतो. म्हणून त्या रकान्याशिवायचे दुसरे मॉडेल कायम तयार ठेवावे.

मालिकेचे पायाभूत वर्ष बदलते तेव्हाही असेच होते. २०१२ च्या टोपलीत खाद्य व पेयांचे वजन ४५.८६ होते. २०२४ पायाच्या नव्या मालिकेत ते उतरले आहे. मराठवाड्यातल्या जुन्या वह्या वाचणाऱ्याला हाली (निजामाचा रुपया) आणि कलदार (ब्रिटिशांचा रुपया) ठाऊक असते : सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. ते न पाहता निजामकाळातले भाव पुढच्या भावांना जोडले तर एका रात्रीत स्वस्ताई झालेली दिसेल. रुपयांना निदान एका गुणकाने भागता येते, टोपलीला तेही नाही. नवी मालिका जुन्याला घटकवारच जोडावी आणि जोडाचा महिना शिकवणीतून वगळावा.

एक बोच राहून गेली. कुटुंबांच्या महागाई-अपेक्षांचे बँकेचे सर्वेक्षण १९ शहरांत होते, महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यातले एकही नाही. यंत्राला दिलेल्या रकान्यांत जे गाव नाही ते अंदाजातही नसते.

आता यंत्राचा अंदाज समजावून सांगण्याबद्दल. बँकेनेच नेमलेल्या, आयआयटी मुंबईच्या पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तसंस्थांतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सात सूत्रे दिली, त्यातले एक म्हणजे प्रणाली मुळातूनच समजण्याजोगी असावी. तेच बँकेच्या अंदाजालाही लागू व्हावे. त्यासाठी शॅप्ली मूल्यांचे, म्हणजे अंदाजात कोणत्या रकान्याचा किती वाटा ते दाखवणारे, रंगीत पट्टे पतधोरण समितीपुढे ठेवले जातील. ठेवा, पण लासलगाव आणि पुण्याचा कांदा एकत्र हलतो, तेव्हा श्रेय दोघांत वाटले जाते आणि दोन्ही बिनमहत्त्वाचे दिसतात. सारख्या रकान्यांचा गट करून गटाचे मूल्य काढावे. आणि ते मॉडेलचे हिशेब सांगते, बाजाराचे कारण नव्हे, हे त्या पानावर लिहावे.

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये आपला चालू तिमाहीच्या जीडीपीचा अंदाज जाहीरपणे थांबवला, कारण महामारीच्या उलथापालथीत मॉडेल भरवशाचे राहिले नव्हते. दोन वर्षांनी सुधारून पुन्हा सुरू केला. बँक ऑफ इंग्लंडने आपल्या अंदाजपद्धतीची झडती अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे माजी अध्यक्ष बर्नान्के यांच्याकडून घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये, जुनाट सॉफ्टवेअरवरच्या टीकेसकट, छापली. यात कुणाची अब्रू गेली नाही.

सुरुवात तुरीपासून करा. एकच घटक, एक-दोन-तीन महिन्यांचा पल्ला, लातूर, उदगीर, जालना, हिंगोली, नांदेड आणि त्यांच्या जोडीला कलबुर्गी व अकोला असे बाजार. तुलनेला दोन बिनडोक अंदाज : गेल्या पाच वर्षांतल्या त्याच महिन्याचा सरासरी बदल, आणि ‘काहीच बदलणार नाही’. यंत्राचा अंदाज, हे दोन अंदाज आणि तिन्हींची सरासरी, असे चार रकाने. अठरा महिने हा अंदाज धोरणात न वापरता नुसता बाजूला चालवा. अठरा निरीक्षणांवर कुठलीही संख्याशास्त्रीय चाचणी ठाम बोलणार नाही हे आम्हाला कळते, म्हणून एकूण आकड्याबरोबर बाजारवार चुकाही मोजा. पट्टाही तपासा : ९० टक्क्यांचा पट्टा वीसपैकी अठराच्या आसपास वेळा बरोबर यावा. वीसही वेळा आला तर तो फार रुंद असल्याची शंका घ्यावी, आणि फार रुंद पट्टा काहीच सांगत नाही.

वहीत प्रत्येक ओळीला पुढचे रकाने असावेत. अंदाज गोठवल्याची तारीख आणि वेळ, १२ तारखेच्या आधीची. डेटाच्या कोणत्या प्रतीवर केला ते. मॉडेलचा आकडा. अधिकाऱ्याने त्यात हाताने किती वाढवले किंवा कमी केले आणि का, एका वाक्यात. प्रत्यक्ष आलेला पहिला आकडा, आणि नंतरचा सुधारित. हाताने केलेली दुरुस्ती लपवू नका. आमचा अंदाज असा की पुष्कळदा तीच मॉडेलपेक्षा बरोबर निघेल, आणि ती का बरोबर निघते हे पुढच्या मॉडेलला शिकवता येईल. फाइल साध्या तक्त्याच्या रूपात संकेतस्थळावर ठेवा, चित्ररूप पीडीएफमध्ये नको.

अठरा महिन्यांनी यंत्राची चूक त्या बिनडोक अंदाजांपेक्षा निदान दहा टक्क्यांनी कमी नसेल तर ते बंद करा आणि तसे छापा. नवी तूर डिसेंबरच्या अखेरीस बाजारात यायला लागते. वहीची पहिली ओळ तेव्हा लिहिता येईल. वाणवार आवक आणि बंद दिवसांची यादी जुळवण्याचे काम आम्ही इथून करू.

कळावे,

मराठवाड्यातील संख्याशास्त्र व अर्थशास्त्राचे काही शिक्षक आणि बाजारभावांच्या आकड्यांवर काम करणारे